घड्याळकाकांचा डावा डोळा

घड्याळकाकांनी उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला त्याचं नाव विचारलं नाही. विचारायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटायची. माणूस पुढ्यात घड्याळ ठेवायचा, काका ते कानाला लावायचे, मान हलवायचे आणि "मंगळवारी" एवढंच म्हणायचे. मंगळवारी घड्याळ तयार असायचं. पावती नाही, चिठ्ठी नाही, वही नाही.

मग कुणाचं कुठलं हे कळायचं कसं? त्यासाठी काकांनी आपली एक पद्धत बसवली होती. घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सुईच्या टोकानं ते एक खूण ओरखडायचे. मोहरीच्या दाण्याएवढी. खूण त्या माणसावरूनच सुचलेली असायची. सलूनवाल्याच्या घड्याळात कंगवा, सुताराच्या घड्याळात करवत, दर वेळी छत्री विसरून जाणाऱ्या शाळेच्या शिपायाच्या घड्याळात छत्री. एक बाई घड्याळ द्यायला आली की अर्धा तास सुनेची गाऱ्हाणी सांगत उभी राहायची. तिच्या झाकणात त्यांनी नुसता एक कान काढला होता. तो बहुधा त्यांचा स्वतःचाच.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक बाक, एक स्टूल, वर वाकवता येणारा दिवा. उभं राहायला गेलं तर डोकं पायरीला लागायचं, म्हणून काका त्रेचाळीस वर्षं बसूनच राहिले. उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं, डावा डोळा मिटलेला, हातात चिमटा. इतकी वर्षं डावा डोळा मिटून काम केल्यावर त्या डोळ्याला वाटायला लागलं की महत्त्वाचं काही आलं की आपल्याला सुट्टी. पेपर वाचताना, सुईत दोरा ओवताना, विजेच्या बिलावरचा आकडा बघताना तो आपोआप मिटायचा. काकांना याचा पत्ताही नव्हता. आपला स्वतःचा डोळा मिटलेला आपल्याला कुठे दिसतो?

एका सकाळी बाकावरच त्यांच्या हातून चिमटा गळाला. तो उचलायला ते वाकले ते वाकलेलेच राहिले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दोन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा हिशोब असा होता की डोकं शाबूत, कान शाबूत, डोळे शाबूत आणि बाकी सगळी मंडळी संपावर. हात हलेना, पाय हलेना. जीभ तर मुळातच कामचुकार, तिनं ही संधी सोडली नाही.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट लावली. डॉक्टरांनी शिकवलं होतं, एकदा पापणी मिटली की 'हो', दोनदा मिटली की 'नाही'. पण काकांच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि पापण्या मनाला येईल तशा फडफडायच्या. शिवाय काकूंना उत्तराची वाट बघायची सवय नव्हती. "चहा घेणार का? घ्या थोडा," असा प्रश्न आणि उत्तर त्या एकाच दमात उरकायच्या. चाळीस वर्षं संसार असाच चालला होता, त्यामुळे यात काही नवीन आहे असं कुणालाच वाटलं नाही.

दुकान आता चालणार नव्हतं. जागेच्या मालकानं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. मुलानं बाकाचा खण जसाच्या तसा उचलून घरी आणला. त्यात दुरुस्त झालेली पण कुणी न नेलेली तेवीस घड्याळं होती. मुलगा एका विमा कंपनीत कारकून. सगळं शिस्तीत करणारा. त्यानं दुकानाच्या दारावर घरचा पत्ता लावला, एकेक झाकण उघडलं, भिंग लावून खुणा बघितल्या आणि डोक्याला हात लावला.

"आई, हे काय आहे? हा मासा आहे का पान?"

"मला काय विचारतोस? तुझ्या बापानं मला कधी सांगितलं?"

एका घड्याळात दातेरी खूण होती. दाते म्हणजे करवत, करवत म्हणजे सुतार. मुलाला तेवढा एक जण लागला म्हणून आनंद झाला. त्यानं निरोप पाठवला, सुतार आला, आणि मुलानं काकांच्या डोळ्यांसमोर ते घड्याळ त्याच्या हातात ठेवलं.

तो कंगवा होता. ते घड्याळ सलूनवाल्याचं होतं. सुताराचं दुसरं, खणात डाव्या कोपऱ्यात पडलेलं. काकांनी दोनदा पापण्या मिटल्या. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. सुतारानंही घड्याळ नीट पाहिलं नाही. सगळी स्टीलची घड्याळं त्याला सारखीच. तो मनगटावर चढवून, "काका, लवकर बरे व्हा," म्हणून गेलासुद्धा.

"यांच्या डोळ्यांवर उजेड येतोय रे," काकू म्हणाल्या. मुलानं उठून पडदा ओढला.

काका त्या पडद्याकडे बघत पडून राहिले. त्रेचाळीस वर्षांत एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलं नव्हतं. चालणं गेलं, बोलणं गेलं, त्याचं त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आपल्या भरवशावर लोकांनी ठेवलेली घड्याळं आता आपल्याच घरातून वाटेल त्याच्या हातात जाणार, आणि आपण ते नुसतं बघणार, हे त्यांना सोसेना. खणात बावीस उरली होती.

दवाखान्यातून वाचा सुधारणाऱ्या बाई यंत्र घेऊन आल्या ते त्याच आठवड्यात. तिशीच्या, बोलायला मऊ, हातात नेहमी एक फाईल. यंत्र म्हणजे स्टँडवर बसवलेला पडदा आणि त्याच्या खाली बोटभर जाडीची काळी पट्टी. ती पट्टी म्हणे डोळे बघते. पडद्यावर अक्षरं मांडलेली. एखाद्या अक्षराकडे सेकंदभर टक लावून पाहिलं की ते उमटतं, शब्द जुळला की यंत्र तो मोठ्यानं बोलतं.

"काका, हे पंधरा दिवस तुमच्याकडे राहील," बाई म्हणाल्या. "जमलं तर पुढे तुमच्याकडेच ठेवता येईल. नाही जमलं तर मला न्यावं लागेल. यादीत आणखी लोक आहेत."

चित्रं होती तोवर ठीक चाललं. पाण्याचा पेला, पंखा, बिछाना, अशी मोठमोठी चित्रं काकांनी पटापट निवडली. काकूंनी तोंडाला पदर लावला. मग बाईंनी अक्षरं आणली आणि सगळं बिनसलं. काकांनी 'क' शोधला, त्याच्यावर नजर रोवली, आणि पडदा मंद झाला. मधोमध लिहून आलं, 'विश्रांती'.

"यात अशी सोय आहे," बाईंनी समजावलं. "पेशंटला डुलकी लागली की यंत्र आपणहून थांबतं. नाहीतर झोपेत भलतंच काहीतरी बोललं जाईल."

पुन्हा लावलं. पुन्हा 'विश्रांती'. काका जितका जोर लावायचे तितकं ते यंत्र लवकर निजायचं. त्यांना कळेना, आपण टक्क जागे, आणि हे गाढव आपल्याला झोपलेलं का समजतंय? तिसऱ्या दिवशी बाईंनी फाईलमध्ये लिहिलं, 'लक्ष टिकत नाही. गुंगी येते.' हळूच लिहिलं, पण काकांचे कान शाबूत होते आणि मुलानं ते मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे बाबांना समजत नाही का?" मुलानं बाहेर व्हरांड्यात विचारलं.

"तसं म्हणता येणार नाही. पण बघू या," बाई म्हणाल्या. 'बघू या' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळलं.

नऊ दिवस असेच गेले. मुलगा कामावरून आला की खुर्ची ओढून वडिलांच्या उशाशी बसायचा, काकू त्याच्या मागे उभ्या राहायच्या आणि तिघं मिळून पडद्याकडे बघायची. अक्षर उमटलं की काकू "आलं, आलं" म्हणायच्या, पडदा मंद झाला की "गेलं" म्हणायच्या. क्रिकेटचा सामना असावा तसं.

दहाव्या दिवशी मुलाला सुट्टी होती, आणि दुपारी जावई आला. जावई बस चालवायचा. उंच, आडदांड, आणि तोंडाचा पट्टा चालू. काकांचं आणि त्याचं कधी बिनसलं होतं असं नाही, पण एक बोलत नाही आणि एक थांबत नाही, तिथे जमणार तरी काय? तो आला तेव्हा खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून तो खाटेच्या पायथ्याशी, पडद्याच्या मागच्या बाजूला टेकला. तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. दिसत होते फक्त सासरे.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "आमच्याकडेही हेच आलंय. स्टिअरिंगपुढे कॅमेरा बसवलाय. पापणी जरा मिटली की सीट थरथरते आणि असं केकाटतं की मागचे पॅसेंजर जागे होतात. परवा समोरून ऊन आलं, मी डोळे बारीक केले, तर डेपोत रिपोर्ट गेला, ड्रायव्हर झोपला म्हणून. साहेबासमोर उभं राहून सांगितलं, साहेब, झोपलो असतो तर इथे आलो असतो का?"

"तुम्ही जरा गप्प बसाल का, जावईबापू," काकू म्हणाल्या. "यांचं लक्ष जातंय."

काका 'क' शोधत होते. सापडला. नजर रोवली.

"मामा डोळा का मिटतायत?" जावई म्हणाला.

"कुठे मिटतायत?" मुलगा पडद्याकडे बघतच म्हणाला. "हे बघ, परत गेलं."

"अरे, तिकडे काय बघतोस? इकडे ये, त्यांच्या तोंडाकडे बघ. उजवा उघडा आहे, डावा बंद. परत करायला सांग." पुन्हा केलं. "हा बघ, मिटला. यंत्राला दोन डोळे पाहिजेत, त्याला एकच दिसतोय. त्याला वाटतं माणूस झोपला. आमच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ आहे हा."

मुलगा उठून जावयाच्या शेजारी जाऊन बसला. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी पडदा सोडून माणसाकडे पाहत होतं.

"आई, बाबा डावा डोळा मिटतात."

"मग?" काकू म्हणाल्या. "ते तसंच बघतात. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, हा मेला डोळा मारतोय. नंतर कळलं, बिचारा नीट बघतोय."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं का?"

खाटेवर पडलेल्या काकांना काय वाटलं असेल ते सांगणं अवघड आहे. सत्तरी उलटल्यावर माणसाला स्वतःबद्दल एक नवीन गोष्ट कळावी, तीही जावयाकडून. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून 'क' बघायचा हट्टानं प्रयत्न केला. अक्षर फाटून दोन झालं आणि डावा डोळा जुन्या नोकरासारखा आपलं काम करून मोकळा झाला.

मुलानं बाईंना फोन लावला.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी पण त्यांच्या शेजारीच बसत होते. सेटिंगमध्ये 'फक्त उजवा डोळा' असं आहे, ते निवडा. आणि विश्रांतीची सोय बंद करून टाका."

निवडलं, बंद केलं. काकांनी 'क' कडे पाहिलं. डावा डोळा खुशाल मिटला. 'क' उमटला. मग अनुस्वार. मग 'ग'. 'व' शोधायला वेळ लागला, काना लगेच सापडला. यंत्रानं बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं, "कंगवा."

काकू लगबगीनं आत गेल्या, कंगवा घेऊन आल्या आणि काकांचे केस विंचरायला लागल्या. "इतके दिवस माझ्या मनातच आलं नाही हो. माणसाला टापटीप लागते."

काका केस विंचरून घेत होते आणि त्याच वेळी कंगव्याच्या आडून लिहीत होते. काकूंचा हात मध्ये आला की अक्षर चुकत होतं. शेवटी यंत्र म्हणालं, "करवत नाही."

मुलाचा चेहरा पडला. तो खणाकडे गेला, भिंग घेतलं, डाव्या कोपऱ्यातलं घड्याळ उघडलं. तिथे दुसरी दातेरी खूण होती. एका टोकाला मूठ असलेली.

"ते घड्याळ सुताराचं नव्हतं," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही तेव्हाच सांगत होतात."

काकांनी एकदा पापणी मिटली. उजवी.

संध्याकाळी मुलगा स्वतः सुताराकडे जाऊन घड्याळ बदलून आला आणि येताना सलूनवाल्याच्या दुकानात शिरला. सलूनवाला म्हणाला, मी म्हटलं, आजारी माणसाच्या दारात घड्याळ मागायला कसं जायचं.

त्यानंतर रोज थोडं थोडं काम सुरू झालं. मुलगा झाकण उघडून खूण दाखवायचा, काका लिहायचे. नाव त्यांना एकाचंही माहीत नव्हतं. ते माणूस लिहायचे. 'पाण्याच्या टाकीमागे. डावखुरी.' 'कुत्रा बरोबर आणतो. कुत्रा लंगडा.' 'दात काढणारा डॉक्टर. स्वतः घाबरट.' मुलगा विमा कंपनीच्या कागदावर हे सगळं लिहून घ्यायचा आणि जावई बस चालवताना वाटेत चौकशी करायचा. लंगडा कुत्रा एका दिवसात सापडला. माशाच्या खुणेवर मात्र दोन दिवस गेले. काकांनी लिहिलं होतं, 'पोहायला शिकवतो', आणि जावई बाजारात मासे विकणाऱ्यांना विचारत फिरत होता.

"मामा, पूर्ण वाचलं नाही मी," तो म्हणाला.

यंत्र म्हणालं, "पूर्ण ऐकतही नाही." काकू हसून हसून खाली बसल्या. त्यांचा नवरा चेष्टा करतो हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी बाई आल्या. आज परीक्षा होती. ठरलेले वीस प्रश्न विचारायचे, उत्तरं फाईलमध्ये लिहायची, आणि त्यावर यंत्र राहणार की जाणार ते ठरायचं. एका डोळ्याची गोष्ट त्यांनी वरच्यांना कळवली होती, पण परीक्षा चुकवता येत नव्हती. खणात पाच घड्याळं उरली होती.

"काका, सोप्पं आहे," बाईंनी पहिला कागद समोर धरला. "यातलं सफरचंद कुठलं? नाव लिहायचं."

तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. निवृत्त पोस्टमन. दुकानाच्या दारावर लावलेला पत्ता त्यानं कालच वाचला होता. "माझं पिवळं घड्याळ आहे," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "पांढऱ्या तबकडीचं. छान चकाकतं."

मुलानं खणाकडे पाहिलं. पिवळी, पांढऱ्या तबकडीची घड्याळं दोन होती. एक नव्यासारखं चकाकणारं, दुसरं ओरखड्यांनी भरलेलं.

"हेच," पोस्टमननं चकाकणाऱ्याकडे बोट दाखवलं.

बाई म्हणाल्या, "काका, आपण आधी परीक्षा…"

यंत्र म्हणालं, "थांबा. गिऱ्हाईक आहे."

बाई थांबल्या. काकांनी लिहायला घेतलं. अक्षर, अक्षर, मात्रा. पोस्टमन कमरेवर हात ठेवून उभा. शेवटी यंत्र म्हणालं, "ते नाही. दुसरं तुमचं."

पोस्टमनचा चेहरा उतरला. "अहो, माझं घड्याळ मला कळणार नाही का? लग्नात मिळालेलं. हे असं खरवडलेलं नव्हतं माझं." मग मुलाकडे वळून हळूच म्हणाला, "हे ते स्वतः म्हणतायत, का त्या डब्याच्या मनानं चाललंय?"

मुलगा घुटमळला. चांगलं घड्याळ मागणारा माणूस खोटा दिसत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं ते देऊन टाकलं असतं. तो वडिलांकडे वळला. काकांचा डावा डोळा घट्ट मिटलेला होता आणि उजवा एकेका अक्षरावर थांबत होता.

"झाकण उघडा. आत पायरी. तीन रेघा."

मुलानं दोन्ही झाकणं उघडली. चकाकणाऱ्यात सुई होती, शेपटीसारख्या दोऱ्यासकट. ओरखडलेल्यात एक पायरी होती आणि तिच्याखाली तीन रेघा.

"तुम्ही तीनदा दुरुस्तीला दिलं होतं?" मुलानं विचारलं.

"तीनदा," पोस्टमन म्हणाला. त्यानं ते घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट केलं, मनगटावर बांधून बघितलं. पट्टा चौथ्या भोकाशी दुमडलेला होता. तो आपणहून तिथेच बसला. पोस्टमन ओशाळला. "मला उगीच वाटत होतं, नवंच आहे अजून. पण पायरी का हो?"

काकांना हे लिहायला बराच वेळ लागला. "दुकानात कधी आला नाहीत. पायरीवरच बसायचात."

"तुम्ही कधी या म्हणाला नाहीत," पोस्टमन म्हणाला. "माझे बूट असायचे चिखलाचे. वाटायचं, यांना आवडणार नाही."

"बोलायचं होतं. जमलं नाही. या आत."

पोस्टमननं बूट काढले आणि तो आत आला. बाईंनी आपली खुर्ची त्याला दिली, स्वतः खाटेच्या पायथ्याशी टेकल्या आणि मांडीवर फाईल उघडली. वीस प्रश्नांच्या कागदावर त्यांनी एक तिरकी रेघ मारली आणि खाली बरंच काही लिहिलं. मग टोपण लावून म्हणाल्या, "यंत्र इथेच राहील, काका. सहा महिन्यांनी मी येईन, ते तुम्हाला भेटायला."

काकू चहाला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"बाबा, चार राहिली," मुलगा म्हणाला. त्यानं पुढचं घड्याळ घेतलं, झाकण उघडलं आणि भिंग वडिलांच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं. एक वाकडी रेघ, तिच्या पोटात ठिपका. काकांनी ती कितीतरी वेळ पाहिली. मग लिहिलं, आणि यंत्रानं त्याच बातम्यांच्या आवाजात सांगितलं, "आठवत नाही."

"असू द्या," पोस्टमन म्हणाला. "मला दाखवा. चाळीस वर्षं घरोघर फिरलोय, माणसं मला माहीत आहेत." त्यानं खुर्ची खाटेजवळ ओढली आणि भिंगासाठी हात पुढे केला.